पोकळ बियांचं झाड

मित्रांनो, मी धुपाचं एक जुनं झाड आहे. किती जुनं ते विचारू नका. ज्या माणसाने माझ्या सालीला पहिल्यांदा पातं लावलं, त्याचा नातूही म्हातारा होऊन गेलेला मी पाहिला आहे. यावरून काय तो अंदाज करा.

मी वाळवंटात राहतो. वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळूचे ढीग येत असतील. आमच्याकडे वाळू कमी आणि दगडधोंडे फार. डोंगराच्या उतारावर एका खडकाला मी बुंध्याने इतकं घट्ट धरलं आहे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, खडकालाच पालवी फुटली आहे. पाऊस इथे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहालाही थांबत नाही. वर्षातले काही आठवडे धुकं तेवढं येतं. ते पानांवर बसतं, थेंब होऊन मुळाशी उतरतं, आणि त्यावर आमचं वर्ष निघतं.

धुपाचा खडा तुम्ही पाहिला असेल. पांढरट, थोडा पिवळसर, निखाऱ्यावर टाकला की विरघळतो आणि सगळं घर वासाने भरून जातं. तो खडा म्हणजे माझा वाळलेला चीक. माझी साल खरवडली की आतून दुधासारखा चीक पाझरतो. जखम बुजावी म्हणून मी तो सोडतो. तुम्हाला खरचटल्यावर खपली धरते ना, अगदी तसंच. माणसांना माझी खपली आवडते, त्याला मी काय करणार?

आमच्यात लहानपण निभावून नेणं हीच मोठी परीक्षा असते. कोवळं रोप दिसलं की शेळी ते सोडत नाही. मी खडकाच्या बेचक्यात उगवलो, तिथे शेळीचं तोंड पोचत नव्हतं, म्हणून वाचलो. माझ्या बरोबरीची बाकी सगळी रोपं तिच्या पोटात गेली. मोठा झालो आणि मग माणसं आली. बापामागून मुलगा, मुलामागून नातू, अशी डिंक काढणारी माणसं मी पाहिली. पण मला गोष्ट सांगायची आहे ती त्यांच्यातल्या शेवटच्या माणसाची, त्याच्या बायकोची आणि त्यांच्या लेकीची.

त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव दुसरंच होतं, पण ते बहुधा तो स्वतःही विसरला असावा. तो चालायचा सावकाश, जेवायचा सावकाश, बोलायचाही असा, की ऐकणाऱ्याने मधल्या वेळात एखादं काम उरकून घ्यावं. उताराच्या पायथ्याशी, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. घराला लागून पत्र्याची एक खोली होती. तिथे डिंक वाळवायचा, निवडायचा आणि पोत्यांत भरायचा. त्या खोलीचं दार माझ्याच दिशेला उघडतं, त्यामुळे तिथलं सगळं मला दिसायचं आणि बरंचसं ऐकूही यायचं.

साल खरवडण्याच्या कामाला मात्र सावकाशइतका योग्य माणूस नव्हता. बोथट पात्याचं ते हत्यार तो सालीवर असं टेकवायचा, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय. नखाएवढी साल काढायची, खाली हिरवं दिसलं की थांबायचं. पहिल्या खरवडीचा डिंक तो घ्यायचा नाही. तो टाकाऊच असतो. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा पातं लावायचं, तेव्हा कुठे चांगले, मोत्यासारखे थेंब येतात. ते कडक झाले की तो टोपली घेऊन यायचा, एकेक थेंब सोडवायचा, आणि जाताना बुंध्यावर हलकेच थाप मारायचा.

खालच्या खोलीत त्याची बायको डिंक निवडायला बसायची. पोत्याची घडी खाली घ्यायची, परात मांडीवर, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, कारण उजेड दारातूनच यायचा. पांढरे खडे एकीकडे, पिवळे दुसरीकडे, तांबूस तिसरीकडे. सालीचे कपचे वेगळे. खाली उरेल तो भुगा चाळणीत. तिच्या पापण्यांवर डिंकाची पूड बसलेली असायची आणि हात चालू असताना तोंडही चालू असायचं. नवरा जितका सावकाश, तितकी ती झपाट्याची.

एकदा माझ्याकडे बघून ती म्हणाली, "अहो, या झाडाला देवानं जेवणाच्या सुट्टीत केलं असणार. ना धड फांदी, ना धड पान. मग नंतर त्यालाच लाज वाटली आणि त्यानं वास देऊन टाकला."

सावकाशने यावर विचार केला. ती परात रिकामी करून दुसरी भरून बसली तेव्हा तो म्हणाला, "माझ्याबाबतीत असं काही झालं असेल का गं?"

"तुम्हाला केलंय कुठे अजून? चाललंय अजून काम," ती म्हणाली आणि दोघंही इतकी हसली, की परात कलंडली.

मित्रांनो, ती नुसती गमतीशीर नव्हती. उतारावरचा कायदा तिचा होता. ज्या झाडाचा डिंक एका हंगामात काढला, त्याला पुढचा हंगाम सुट्टी. सुट्टीवरच्या झाडाच्या फांदीला ती जुन्या कापडाची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या झाडाला हात लावायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बाळंतिणीला कोणी शेतावर पाठवतं का?" त्या सुट्टीच्या वर्षी आम्ही फुलायचो. आमची फुलं बारीक, पांढरट, मध्ये थोडी लालसर. त्यातून बिया धरायच्या, आणि त्या बिया भरलेल्या असायच्या.

तेव्हाचे दिवस माझ्या वैभवाचे होते. व्यापारी यायचा, मूठभर खडे उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "असा माल दुसरीकडे बघायला मिळत नाही." हे ऐकून सावकाश लाजायचा. त्याच्या वतीने मीच थोडा ताठ व्हायचो.

मग त्यांना मुलगी झाली. माझ्या फांदीला झोळी बांधून तिची आई तिला सावलीत निजवायची. माझी सावली ती केवढी! उन्हाबरोबर झोळी सरकवावी लागायची. पोर चालायला लागली ती माझ्या बुंध्याला धरून, आणि चालता यायला लागल्यावर माझ्याभोवती गरगर फिरू लागली. फिरून फिरून पडायची, उठायची, पुन्हा फिरायची. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आईचं तोंड आणि बापाचे हात, असं दोघांचंही चांगलं तेवढं घेऊन ती आली होती. 

ती शाळेत जायला लागली, त्यानंतरच्या काही वर्षांत तिची आई आजारी पडली.

सुरुवातीला निवडता निवडता ती पोटाशी हात धरायची. मग परात मांडीवर घेईनाशी झाली, जमिनीवर ठेवून ओणवी व्हायची. मग एक दिवस खोलीच्या दारातच बसून राहिली. तिचा भाऊ मालमोटार चालवायचा. भिंगरीचा मामा तो. त्याने बहिणीला शहरातल्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तो आणि सावकाश माझ्या बुंध्याशी येऊन बसले, कारण घरात बोललं तर आत ऐकू गेलं असतं.

"गाठ आहे," मामा म्हणाला. "काढावी लागेल. काढल्यावरही औषधं बरेच दिवस."

सावकाश बोटाने माती उकरत राहिला.

"दाजी, वेळ नाहीये आपल्याकडे. पैसे जमवायला तर लागणारच. मी माझं करतोच आहे. पण तुमच्याकडे ही झाडं आहेत."

"या हंगामाची काढून झाली."

"ती चिंध्यावाली?"

सावकाशने वर बघितलं. चिंधी माझ्या फांदीला होती. त्या वर्षी मी सुट्टीवर होतो.

"तिनं बांधलीये ती," तो म्हणाला.

"तिच्यासाठीच सोडायची आहे ना?" मामा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. हे बोलताना त्याचाच आवाज फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषध घेऊन बायकोचा डोळा लागल्यावर सावकाश हत्यार घेऊन आला. त्याने आधी चिंधी सोडली. गाठ घट्ट बसली होती, पण त्याने ती तोडली नाही. नखांनी उकलली, कापडाची घडी केली आणि खिशात ठेवली. मग माझ्या बुंध्याला कपाळ टेकून तो थोडा वेळ उभा राहिला. आणि त्याने पातं लावलं.

नखाएवढी साल काढून तो थांबला नाही. जिथे रिकामी जागा दिसेल तिथे त्याने पातं चालवलं. जुन्या जखमांच्या वर, खाली, कोवळ्या फांद्यांवरसुद्धा. उतारावरच्या सगळ्या चिंध्या त्या आठवड्यात सुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो भरभर काम करत होता.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, मला राग आला का? नाही आला. भिंगरीच्या आईने माझ्या फांदीला झोळी बांधली होती, तिचं हसणं मी ऐकलेलं होतं. जमलं असतं तर मी आपणहून दुप्पट दिलं असतं. पण झाडाजवळ असतं तेवढंच असतं. धुक्यातून मिळवलेलं, पुढच्या वर्षाच्या फुलांसाठी बाजूला ठेवलेलं जे काही होतं, ते सगळं मी त्या चिकात ओतलं. थेंब आले, पण बारीक, पातळ, लवकर तांबूस पडणारे.

तिला उठवत नव्हतं, तरी निवडायला ती स्वतःच बसली. खाट दाराशी ओढून घेतली आणि परात उशीवर ठेवली. भिंगरी शेजारी होती. आईची बोटं परातीत फिरली आणि थांबली. तिने एक खडा उजेडात धरला.

"भिंगरे, जा, चहाचं आधण ठेव," ती म्हणाली. पोर आत गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "कुठल्या झाडाचा?"

"खालच्या अंगाच्या."

"खालच्या अंगाचा असा नसतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, खोटं बोलणं हे झटपट माणसांचं काम. तुम्हाला जमत नाही ते. वाक्य पुरं होईपर्यंत पकडले जाता."

त्याने मान खाली घातली. खिशातला हात खिशातच राहिला.

"सगळी?" तिने विचारलं.

"हं."

"मग भिंगरीला मागं काय ठेवणार तुम्ही?"

या एका प्रश्नाला मात्र त्याने वेळ घेतला नाही.

"आई," तो म्हणाला.

जिचं तोंड कधी बंद राहिलं नाही, ती बाई गप्प बसली. मग तिने परात पुढे ओढली आणि पांढरे एकीकडे, पिवळे एकीकडे, तांबूस एकीकडे असं निवडायला लागली. पांढरे फारसे नव्हतेच.

शहरात तिची गाठ काढली. ती घरी आली तेव्हा भिंगरीने तिला धरून माझ्यापर्यंत आणलं. तिने माझ्या एकेका जखमेवर तळहात ठेवला. हात इतका हलका झाला होता, की पान पडलंय की काय असं मला वाटलं. "बाबांना याबद्दल कधी बोलायचं नाही," ती लेकीला म्हणाली. "त्यांना आधीच फार लागलंय."

औषधांसाठी पुढच्या हंगामातही सगळी झाडं खरवडली गेली. त्याच्या पुढच्याही. भिंगरीची आई थोडी बरी व्हायची, दारात येऊन बसायची, एखादा टोमणा मारायची, आणि सावकाशचा चेहरा असा उजळायचा, की मला वाटायचं, गेला तो डिंक, जाऊ दे. मग ती पुन्हा खाटेला लागायची. एका वर्षी धुकं उतरायला लागलं आणि त्या दिवसांतच ती गेली. पत्र्याच्या खोलीत परात भिंतीला उभी करून ठेवलेली होती. ती कित्येक महिने तशीच उभी राहिली. कोणी तिला हात लावला नाही.

त्यानंतर सावकाशने पातं हातात धरलं नाही. पण आमचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. उघड्या जखमांतून भुंगेरे आत शिरले. ते खोड पोखरतात आणि बाहेरून काही कळत नाही. एक दिवस वारा सुटतो आणि आपल्या शेजारचं झाड सरळ आडवं होतं. वरच्या अंगाची झाडं अशी एकामागून एक गेली. माझी एक बाजू वाळली. तिकडच्या फांद्या अजून आहेत, पण त्यांना पान येत नाही.

भिंगरी मामाकडे शहरात शिकायला गेली आणि पुढे तिथल्या रोपवाटिकेत कामाला लागली. बापाला तिने कितीदा म्हटलं, "बाबा, चला माझ्याकडे. इथं एकटे काय करता?"

"कामं आहेत गं," तो म्हणायचा.

"कसली कामं?"

एका सुट्टीत ती आली तेव्हा त्याने तिला कामं दाखवली. पत्र्याच्या खोलीच्या भिंतीशी तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. बुडाला भोकं पाडलेली, आत उतारावरची करडी माती. प्रत्येक डब्यात माझ्या बिया. शेळ्या येऊ नयेत म्हणून वर काटेरी फांद्या.

"रोपं करतोय," तो म्हणाला. "उतार पुन्हा भरायला नको का?"

भिंगरीचे डोळे भरून आले. भांडी घासलेलं पाणी गाळून तो डब्यांना घालायचा, स्वतःला पुरेसं नसलं तरी. त्या वर्षी काही उगवलं नाही. पुढच्या वर्षी त्याने नव्या बिया गोळा केल्या. तेव्हाही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. प्रत्येक खेपेला भिंगरी आली की आधी डब्यांपाशी जायची, आणि तो मागून म्हणायचा, "थोडा उशीर करतायत. माझ्यावर गेलीत."

एकदा तो घरात चहा करत असताना तिने माझ्याखाली पडलेल्या मूठभर बिया उचलल्या आणि अंगठ्याच्या नखाने एक फोडली. आत काही नव्हतं. दुसरी फोडली. तिसरी फोडली. रोपवाटिकेत काम करणारी मुलगी ती, तिला सांगायला कोणाची गरज नव्हती. ज्या झाडाचं सगळं काढून घेतलं, ते झाड बी धरतं, पण बियांत घालायला त्याच्याकडे काही उरत नाही. वरून टरफल, आत हवा. फुटलेली टरफलं मुठीत घेऊन ती बराच वेळ खाली बसून होती.

"काय गं, काय बघतेस?" सावकाशने दारातून विचारलं.

तिने मूठ मिटली. "काही नाही, बाबा. चांगल्या भरल्यात बिया या वर्षी. येतील बघा."

"मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप होतं, बोटभर उंचीचं. रोपवाटिकेत दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरावरच्या बियांपासून केलेलं. बाप मामाच्या मालमोटारीतून सामान उतरवत होता, तेवढ्यात तिने कडेच्या डब्यातली माती उकरली, रोप लावलं, वरून करडी माती पसरली आणि काटेरी फांदी जागच्या जागी ठेवली. हात धुऊन ती आत गेली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने भांडी लावू लागली.

सकाळी सावकाश पाणी घालायला आला. कडेच्या डब्याशी थांबला. वाकला.

"भिंगरे!" त्याने अशी हाक मारली, की खालच्या अंगाच्या शेळ्यांनी माना वर केल्या. "अगं, ये लवकर! आलं! आपलं आलं!"

ती पळत आली, आणि बापलेक त्या डब्याशी गुडघे टेकून बसले. तो हसत होता, रडत होता, पानांना हात न लावता त्यांच्याभोवती बोटं धरत होता. "तुझी आई असती तर म्हणाली असती, एवढ्या वर्षांत एक?" तो म्हणाला. भिंगरीने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याला तिचा चेहरा दिसू नये म्हणून.

ती शहरात परत गेली, त्या दिवसाची ही पुढची गोष्ट. मालमोटार वळणाआड गेल्यावर सावकाश तो डबा उचलून माझ्याजवळ घेऊन आला. माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसला. मग बोटाने त्याने मातीचा वरचा थर बाजूला केला. खाली, मुळांभोवती, लाल माती होती.

"आपल्याकडे कुठे आहे लाल माती?" तो मला म्हणाला. माझ्याशी तो क्वचितच बोलायचा. "वेडी पोर. वरून आपली माती पसरलीन."

त्याने थर पुन्हा होता तसा केला.

"बिया पोकळ आहेत ते मी पहिल्याच वर्षी बघितलं रे. दातानं फोडून. माझ्याच हातांनी झालंय, मला नाही कळणार?" त्याने डबा जवळ ओढला. "पण मी नुसता बसलेला दिसलो की तिचा चेहरा उतरतो. काहीतरी करताना दिसायला हवं ना बापानं. आणि आता हिनं इतक्या लांबून हे उराशी धरून आणलंय, तर मी म्हणू की हे आपलं नाही?" त्याने पानांवर फुंकर घालून धूळ उडवली. "माझ्यासाठी कोणी एवढं खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. तू बोलू नकोस तिला."

जणू मला बोलता येतं.

मित्रांनो, त्या रोपाला त्याने जे सांभाळलं, तसं मी कधी कोणाला सांभाळलेलं पाहिलं नाही. उन्हाबरोबर डबा सरकवायचा. वारा सुटला की आडोसा करायचा. भिंगरी आली की तिच्यासमोर मुद्दाम त्याचं कौतुक करायचा, "बघ, अगदी आपल्या झाडाचं वळण," आणि ती मान हलवून "हो बाबा" म्हणायची. दोघंही एकमेकांना जपत होती, आणि मी एकटा दोघांचंही ऐकत होतो. रोप माझं नव्हतं, पण तिथे ते एकच रोप होतं. तेही मोठं होऊ लागलं.

मग सावकाश गेला. आयुष्यभर कुठेही घाई न केलेला माणूस, एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसला आणि संपला.

सगळी कार्यं उरकल्यावर भिंगरीने तो डबा कापला आणि रोप माझ्या शेजारी लावलं. भोवती दगडांचं कुंपण केलं. अजूनही ती जमेल तेव्हा येते, पाणी घालते, घराचं दार उघडून खोल्यांना वारा देते आणि जाते.

गेल्या खेपेला ती रोपाशी बसली आणि एकदम रडायला लागली. इथे ऐकणारं कोणी नाही, म्हणून मोठ्याने रडली.

"फसवलं मी त्यांना," ती म्हणाली. "शेवटपर्यंत आपलं समजून परक्या रोपाला पाणी घालत राहिले. आयुष्यात कोणाला फसवलं नाही त्या माणसानं, आणि मी, त्यांच्याच पोरीनं... बाबा, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. सांगायला हवं होतं मी. कळलं असतं तर काय म्हणाला असता तुम्ही?"

मित्रांनो, माझ्या अंगात ते उत्तर आहे. त्याचा शब्दन् शब्द आहे. पण माझ्या जिवंत बाजूची पानं थोडी हलली, यापलीकडे मला काही करता आलं नाही. तिला वाटलं, वारा आहे. तिने डोळे पुसले आणि ती निघून गेली. साल खरवडताना मला कधी एवढं लागलं नव्हतं.

म्हणून तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. माझ्यासारख्या झाडांकडून घ्यायचं ते घ्या, आम्ही नाही म्हणत नाही. पण आम्हाला नाही म्हणताच येत नाही, हे विसरू नका. आणि आपल्या माणसांसाठी मनात जे जपून ठेवलं असेल, ते ती माणसं समोर आहेत तोवर बोलून टाका. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला नुसते प्रश्न येतात.

कधी एखाद्या शहरातल्या रोपवाटिकेत गेलात, आणि तिथे मातीने हात भरलेली, मध्येच काम थांबवून कुठेतरी बघत राहणारी एक बाई दिसली, तर तिला हळूच ‘भिंगरी’ अशी हाक मारून बघा. तिने वळून पाहिलं, तर तिला एवढंच सांगा, की बाबांना माहीत होतं.